निशाणावरचं वाकडं अक्षर

कुमुदचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. डबे, पाणी, झाडलोट सहाच्या आत उरके. मग ती खिडकीशी खुर्ची ओढून उजेडाची वाट पाहत बसे. हाताची शिलाई दिव्याखाली करायची नाही, हा तिचा नियम. सिंगापुरात उजाडायला सात वाजतात. सात ते दहा हातकाम, नंतर एमआरटी मेट्रोने हार्बरफ्रंटचं दुकान, तिथे दिवसभर मशीनवर पँट आखूड करणं आणि चेन बदलणं. सव्वीस वर्षं हेच. नवरा पांडुरंग शिपयार्डातून फिटर म्हणून निवृत्त झाला, आंग मो किओतला फ्लॅट स्वतःचा झाला, तरी तिचं घड्याळ साडेचारलाच वाजे.

महाराष्ट्रातल्या विधानसभा निवडणुकीच्या वर्षात, जूनमध्ये मिसेस ॲशकोम दुकानात आल्या. वय ऐंशी, जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पातळ कागदात गुंडाळलेलं एक जांभळं रेशमी निशाण टेबलावर उलगडलं. त्यावर इंग्रजीत पांढरी कापडी अक्षरं शिवलेली होती: 'व्होट्स फॉर विमेन', बायकांना मताचा हक्क. निशाण शंभर वर्षांहून जुनं, त्यांच्या आजीचं. ही आजी एका लॉर्डची मुलगी. बायकांच्या मतासाठी ती दोनदा तुरुंगात गेली होती. आता निशाण लंडनला एका प्रदर्शनात जाणार होतं आणि मॅडम ते तीन आठवड्यांनी स्वतः नेणार होत्या. खालची कड सांधायची, अस्तर बदलायचं, एवढंच काम.

कुमुदने चार सकाळी लावल्या. कड अशी सांधली की फाटलेलं कुठे हे तिचं तिलाच शोधावं लागलं. मग नजर 'विमेन' शब्दाच्या पहिल्या अक्षरावर गेली. बाकीची अक्षरं आखल्यासारखी, टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सारखे. हे एकच कललेलं. टाका कुठे लांब, कुठे आखूड, रेशीम ओढून चुण्या पडलेल्या. सांगितलं नव्हतं, तरी हात थांबेना. तिने अक्षर उसवलं, इस्त्री फिरवली आणि सरळ रेषेत पुन्हा शिवलं. याचे पैसे ती घेणार नव्हती. चांगल्या कामाला शोभेल असं काहीतरी आपल्याकडून, एवढाच विचार.

शनिवारी मॅडम आल्या. कड बघून खूष झाल्या. मग बोट त्या अक्षरापाशी गेलं आणि त्या स्टुलावर बसल्या.

"हे एकच अक्षर आजीने शिवलं होतं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं एलनचं."

एलन म्हणजे त्या घरची स्वयंपाकीण. लॉर्डसाहेबांनी मुलीचं नाव घरात काढायला बंदी केली, भिंतीवरची तिची तसबीर उतरवली. भावाने पार्लमेंटात तिच्याच विरुद्ध भाषण केलं. ती मागच्या दाराने एलनच्या स्वयंपाकघरात येई. जन्मात सुई धरली नव्हती. एलनने निशाण शिवलं आणि एक अक्षर राखून तिच्या हातात दिलं. बोटं टोचून घेत तिने ते पुरं केलं.

शंभर वर्षं टिकलेली एका बाईची मेहनत कुमुदने एका सकाळी काढून टाकली होती. सॉरी म्हणून हे भागणारं नव्हतं. तिने निशाण परत मागितलं. "मॅडम, जसं होतं तसं करून देते."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज न चढवता निशाण तिच्या हातात दिलं. त्या विश्वासाचं ओझं कुमुदला रागावण्यापेक्षा जड गेलं.

घरी पांडुरंग म्हणाला, "तुला सगळं सरळ करायची खोडच आहे. माझ्यावर चाळीस वर्षं खपतेयस, मी कुठे झालो?"

"तुम्ही गप्प बसा हो."

"बसतो. पण ऐक, वेल्डिंगचा जोड कापला तरी पत्र्यावर खूण राहते. कापडावर राहत असेल तर बघ."

राहिली होती. इस्त्रीनेही रेशमातली जुनी भोकं पुरती बुजली नव्हती. शिवाय कुमुद उसवलेला दोरा कधी टाकत नसे. रंग जुळवायला पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवी. तोही होता. सिंगापुरातल्याच पुंगोलहून आलेल्या नातीने, आर्याने, फोनवर त्या भोकांचा मोठा फोटो काढून दिला.

सरळ शिवायला कुमुदला एक सकाळ लागली होती. वाकडं शिवायला अकरा लागल्या. हात आपोआप सरळ जाई, त्याला दर टाक्याला अडवावं लागे. जुना दोरा कुजका, ओढला की तुटे. त्याचे नऊ टाके तेवढे बसले, बाकीचे नव्या दोऱ्याचे. एक टाका लांब, तिथे त्या बाईला घाई झाली असेल. पुढचे तीन बारीक, तिथे एलन ओरडली असेल. अकराव्या सकाळी चुणी जिथल्या तिथे पडली.

मॅडमनी अक्षरावरून बोट फिरवलं. डोळे पुसले. नऊ टाके जुने आणि बाकीचे नवे, हे कुमुदने न विचारता सांगितलं. मॅडमनी अकराही सकाळींची मजुरी पुढे केली. कुमुद घेईना. चूक माझी, म्हणाली.

"सरळ केल्याचे नको घेऊस," मॅडम म्हणाल्या. "वाकडं केल्याचे घे. ते जास्त अवघड होतं."

मग चहा पिताना त्यांनी सांगितलं की आजीला एकोणीसशे अठरा साली मताचा हक्क मिळाला, घरदार नसलेल्या एलनला आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. आणि सहज विचारलं, "तू पहिलं मत कधी दिलंस?"

कुमुद अठ्ठावन्न वर्षांची होती. माहेरच्या मतदारयादीत नाव लागायच्या आत लग्न झालं. सासरी, दापोलीत, ते लावायचं कुणाला सुचलं नाही, तिलाही नाही. मग सिंगापूर. पासपोर्ट अजून भारताचा, त्यावर पत्ता दापोलीचा.

"दिलंच नाही," ती म्हणाली. एवढं सांगणं तिला त्या अकरा सकाळींपेक्षा जड गेलं.

रविवारी आर्याने फोनवर परदेशातल्या मतदारांचा फॉर्म भरला. "आजी, इतकं सोपं आहे लाह. आधी का नाही सांगितलंस?" तिच्या मराठीतही सिंगापूरचं ते 'लाह' यायचं. नाव यादीत चढलं, पण मत द्यायला स्वतः जावं लागणार होतं.

नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाला, दापोलीच्या शाळेत ती पहाटेच रांगेत उभी राहिली. बोटाला शाई लावणाऱ्या मुलीचा हात हलला आणि रेघ नखावर तिरकी गेली. मुलगी पुसायला लागली. कुमुदने हात मागे घेतला. राहू दे, म्हणाली. मनात तिने तिघींचे आभार मानले: एलनचे, त्या लॉर्डच्या मुलीचे आणि निशाण दुसऱ्यांदा हातात देणाऱ्या मॅडमचे.

अकरा सकाळींच्या मजुरीत मुंबईच्या विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट बसलं, आणि दापोलीच्या एसटीचंही.