उलांडी

शेजारच्या नीलेशची नोकरी जहाजावरची. त्याने बायको केली ती थेट फिलिपिन्सची. परवा सकाळी तिला, मारिसाला, मी खाडीवर नेलं. होडीवाले दाजी उलांडी बांधत होते. उलांडी म्हणजे होडी उलटू नये म्हणून तिच्या एका अंगाला दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका. खिळा एकही नाही, सगळं काथ्याच्या दोरीनं.

मारिसा त्या गाठी बघत राहिली आणि मग अगदी सवयीनं होडीच्या उलांडी नसलेल्या, मोकळ्या काठावर जाऊन बसली. होडी कलंडली, बाईसाहेब गुडघाभर पाण्यात.

"आमच्याकडे दोन्ही बाजूला असते, काकी," ती हसत म्हणाली. ती इथे आल्यापासूनच्या आठ महिन्यांत 'आमच्याकडे' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

मादागास्करपासून पार प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत तिच्या भाषेची भावंडं पसरली आहेत. ती बोलणारी माणसं अशाच होड्यांतून गेली. आपल्या किनाऱ्यालाही उलांडी त्यांच्याकडूनच आली, असं काही जाणकार म्हणतात. खरं-खोटं समुद्राला ठाऊक. मी मात्र हिला इतके दिवस परकी समजत होते.

"हय एकाच बाजूक असता, गो," दाजी म्हणाले. "दुसरी बाजू आपणच सांभाळूची."

मारिसा पुन्हा चढली, उलांडीच्या बाजूला सरकून बसली. मी जन्मभर खाडीकाठी राहूनही नेमका मोकळ्या काठाकडे पाय टाकला. तिने माझा हात धरला.

"काकी, इकडे. तिथे पडाल."