पाल्याचा धूर

मुलांनो, आजीला टापटिपीचं वेड आहे म्हणून तुम्ही फोनवर हसता. त्या वेडापायी एका मुलीची शाळा सुटली, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

नव्वदीनंतरची ती वर्षं. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि स्वच्छतेची स्पर्धाही माझ्याकडेच होती. ज्या वर्गापुढचं अंगण प्रार्थनेआधी लख्ख, त्याच्या दारावर आठवडाभर झेंडा. मुली लवकर यायच्या, पाला, कागद, गोळ्यांची वेष्टनं झाडून ढीग करायच्या आणि पेटवून द्यायच्या. फाटकाबाहेर रिक्षा घुरघुरत उभ्या असायच्या. दोन्ही धूर वर्गात शिरायचे. मी बघायचे ते फक्त अंगण.

सातवीतली एक मुलगी सतत खोकायची. मखमलाबादकडे तिच्या घरचा झेंडूचा मळा होता. झाडायची पाळी आली की ती मागे सरायची. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कामचुकारांना बरोबर वेळेवर खोकला येतो." वर्ग हसला. तीही हसली.

मग ती येईनाशी झाली. महिन्याभराने तिची आई आली.

"बाई, पोरीला दमा हाय. धुरानं लय धाप लागती. अन् पाला जाळता कशाला? आमच्या मळ्यात द्या की, खत होईल."

इतकं सोपं होतं. धूर छातीत जाऊन काय करतो, ते आधी मी वाचलं, मग मुलींना शिकवलं. पालकांनी मैदानाच्या कडेला खतासाठी खड्डा खणला. त्यात न मावणारा पाला फुलवाल्यांच्या टेम्पोतून मळ्यांत जाऊ लागला. मुली रिक्षावाल्यांना इंजिन बंद करायला लावू लागल्या. एकजण म्हणाला, "बंद करतो ताई, पण चालू नाही झाली तर धक्का तुम्हीच मारायचा!" आणि मुली खरंच मारायच्या.

हे सगळं जमेपर्यंत वर्ष उलटलं. तेव्हा कुठे मी मळ्यावर गेले. ती ओट्यावर हार ओवत बसली होती.

"आता शाळेत धूर नाही गं. चल."

"बाई, माझ्यासंगच्या पुढं गेल्या. मी बारक्या पोरींत बसू का?" तिची सुई चालूच होती. "अन् परत खोकला आला, तर त्यापण हसतील."

मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली आणि पुढचं फूल उचललं.