गाडी कुठे थांबली

बालाघाटच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीला, काचेत जे भोक होतं ते माझ्या पोटाच्या उंचीवर. आतल्या बाबूशी बोलायचं तर कंबरेत वाकायचं, मान तिरकी करायची आणि तोंड त्या भोकाला लावायचं. अशा अवस्थेत मी माझ्या वडिलांचा मृत्यू पहिल्यांदा सरकारला सांगितला. आणि फार छान सांगितला.

गोष्ट सांगणं हा माझा जुना रोग. गणपतीचं नाटक असो की कोणाची तेरवी, चार माणसं बसली की माझं सुरू. बाबा म्हणायचे, "याले दूध आणाले पाठवा, हा पूर घेऊन येते."

खरी हकिकत चार ओळींची आहे. रात्रभर बाबांच्या छातीत दुखत होतं. सकाळी बालाघाटच्या डॉक्टरांनी गोंदियाला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्सनं आम्ही निघालो, आणि गोंदियाच्या डॉक्टरांनी नाडी पाहून चिठ्ठी लिहिली: आणण्यापूर्वीच मृत. संध्याकाळच्या आत वैनगंगेच्या घाटावर अग्नी दिला.

रस्त्यात बाघ नदीचा पूल लागतो. अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र. बाबा नेमके कुठे गेले, ते चिठ्ठीत नव्हतं.

गाडी घरी परत आली तेव्हा आईनं मला एवढंच विचारलं, "काही बोलले का रे?"

मी म्हणालो, हौ. पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. दोन घोट पाणी प्यायले. नदीला हात जोडले, तुझं नाव घेतलं आणि गेले. ते ऐकून आई दारातच बसली आणि तिला रडू आलं. तोवर ती दगडासारखी उभी होती. यातला एक शब्दही खरा नव्हता, पण मला वाटलं, आज आपली विद्या कामी आली.

खिडकीवर वेगळं सांगता येईना, कारण आतले एक बाबू आमच्याच गल्लीतले. मग अर्जात तेच लिहिलं, आणि तोंडी सांगताना थोडं वाढवलंही. पाण्यावरून एक खंड्या उडाला. ड्रायव्हरनं टोपी काढली. आतले तिघे काम सोडून ऐकायला आले. एकानं चहा मागवला. गल्लीतले बाबू डोळे पुसत म्हणाले, "बड़े पुण्यात्मा थे भैया।" आणि मग अर्ज भोकातून परत बाहेर सरकवला. "लेकिन गाड़ी तो पुल के पास रुकी थी ना? फिर ये केस वहाँ की पंचायत का हुआ।"

नियम असा, की चालत्या गाडीत माणूस गेला तर गाडी पुढे पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे नोंद करायची. माझ्या गोष्टीनं बाबांना पुलाजवळच्या खेड्यात उतरवून ठेवलं होतं.

तिथल्या पंचायतीला दोन खेपा कुलूप. तिसऱ्या खेपेला सचिव भेटले. त्यांनी अर्ज वाचला, समोरच्या चहावाल्याला हाक मारली आणि विचारलं, इथे ॲम्ब्युलन्स थांबली होती का? चहावाला म्हणाला, "नहीं साहब। मैं तो सुबह से यहीं बैठता हूँ। रुकती तो चाय पीती।" सचिवांनी हात झटकले. "हमारे गाँव में कोई नहीं मरा।"

गोंदियाच्या खिडकीवर मराठी चालायची, म्हणून तिथे माझी आशा आणि माझी वाणी दोन्ही फुलली. तिथल्या बाईंनी मला खंड्यापर्यंतही पोचू दिलं नाही. "दादा, तुमच्याच अर्जात आहे, गाडी अलीकडे थांबली. मग आम्ही कशी नोंद घेऊ? तिकडून लिहून आणा, नोंद नाही म्हणून." ते आणायला परत बालाघाट. तिथले साहेब ट्रेनिंगला. मग सुट्ट्या. मग शिक्का होता, पण शिक्क्याची शाई वाळलेली. मी प्रत्येक काचेसमोर वाकत होतो, आणि प्रत्येक ठिकाणी गोष्ट थोडी चांगली होत होती आणि काम थोडं बिघडत होतं.

बाबा शाळामास्तर होते. मृत्यूच्या दाखल्याशिवाय आईची पेन्शन सुरू होणार नव्हती. आयुष्यभर तिनं कोणापुढे हात पसरला नाही, माझ्यापुढेही नाही. एके दिवशी तिच्या डब्यात बीपीच्या गोळ्या पाहिल्या. प्रत्येक गोळी मधून मोडलेली. पुरवून पुरवून अर्धी अर्धी घेत होती.

त्याच आठवड्यात मी गोंदियाला बाईंसमोर पुन्हा वाकलो. महिना उलटून गेला होता. त्या म्हणाल्या, "आता शपथपत्र लागेल. गोष्ट नको दादा. गाडी कुठे थांबली, एवढं एका वाक्यात. आणि तुमच्या सहीखाली साक्षीला आईंची सही. त्यांना घेऊन या."

आईला बसनं घेऊन निघालो. पूल जवळ आला तशी ती माझ्याकडे वळली. "मले दाखव बरं, कुठी थांबली होती गाडी?"

मी एका मोहाच्या झाडाकडे बोट केलं. तिनं पदर सारखा केला आणि झाड मागे जाईपर्यंत हात जोडून ठेवले. तो क्षण मला आजही सांगता येत नाही. बाकी सगळं येतं.

कार्यालयाबाहेर टिनाच्या शेडखाली टायपिंगवाला बसला होता. आईला बाकावर बसवून मी त्याच्या कानाशी पुटपुटलो. तो ओरडला, "जोरानं बोला ना साहेब, चोरी करून राह्यले का?" शेवटी मी चिठ्ठीवर लिहून दिलं. कागद छापून आला, मी पेन आईच्या हातात दिला.

"वाच," ती म्हणाली.

"सही कर ना, साधंच आहे."

"चष्मा घरी राह्यला. वाचल्याबिगर सही कराची नाही, तुह्ये बाबा सांगून गेले. वाच मोठ्यानं."

इतकी वर्षं मी न बोलावता बोलत आलो. त्या दिवशी तीन ओळींसाठी कागद दोनदा घडी घालून उघडला. "गाडी बालाघाटहून निघाल्यापासून गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत वाटेत कोठेही थांबली नाही. माझे वडील नेमक्या कोणत्या ठिकाणी वारले हे मला सांगता येत नाही. कारण त्या वेळी मला झोप लागली होती."

टायपिंगवाल्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणं थांबवलं.

आईनं विचारलं, "पाणी?"

"नाही आई."

"नाव?"

मी नाही म्हणून मान हलवली.

ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली, चष्म्याशिवाय. मग एकेक अक्षर जोडत सही केली. खिडकीतल्या बाईंनी शपथपत्र वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला. आठ दिवसांनी दाखला मिळाला. मृत्यूचं ठिकाण: गोंदिया. इतक्या खेपांत जे झालं नव्हतं ते त्या तीन ओळींनी केलं.

पण मला आठवते ती सहीच्या दिवशीची परतीची बस. आई खिडकीशी बसली. ती रागावेल, टोमणा मारेल, बाबांचं पुराचं ते जुनं वाक्य तरी म्हणेल, म्हणून मी वाट पाहत होतो. गोंदियाचा स्टँड सुटला आणि तिनं हात जोडले. दुकानं गेली, धानाची शेतं गेली, पूल आला, मोहाचं झाड आलं नि गेलं. त्या झाडाकडे तिनं वेगळं असं पाहिलंही नाही. हात तसेच.

"आई, खाली घे ना हात. दुखतील."

"दुखू दे," ती बाहेर पाहतच म्हणाली. "कुठी गेले ते तुले माहीत नाही, मले माहीत नाही. मंग मधात सोडू कशी?"

बालाघाटचं रेल्वे फाटक येईपर्यंत तिनं हात सोडले नाहीत. मी शेजारी बसून होतो, जागा.