अंगणातली नर्सबाई

माझ्या वहिनीला, मनकर्णा सोमकुंवरला, रामाकोन्याच्या आसपासच्या खेड्यांत सगळे नर्सबाई म्हणत. मान होता तिला, नाही असं नाही. पण तो मान अंगणापुरता होता. ओसरीच्या पायरीशी तो संपायचा, आणि मला त्याची भयंकर चीड यायची.

मी तेव्हा सौंसरला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मोठा भाऊ सुखदेव हंगामात संत्र्याच्या पेट्या ठोकायचा. आम्ही तिघं एकाच घरात राहायचो, आणि घरात सरकारी नोकरीचा पहिला मान वहिनीचा होता. आम्ही बौद्ध. वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडून दिले. देव गेले, पण शेतकऱ्यांच्या घरांत आमचा विटाळ मानणं काही गेलं नाही. नर्सच्या पांढऱ्या साडीलाही ते जुमानत नव्हतं.

वहिनीआधी तिथे एक नर्स होती, तीही आमच्यातलीच. ती फटकळ होती. पहिल्याच महिन्यात कोणाच्या तरी ओसरीवर चढली आणि भांडण करून बसली. मग लोकांनी पोरं दाखवणंच बंद केलं. लसीकरणाच्या दिवशी गाव असं ओस पडायचं की जणू सगळे यात्रेला गेलेत. वर दवाखान्यातले डॉक्टर पार मुरैन्याकडचे, हिंदी बोलणारे. बायका त्यांच्याशी आपल्या बोलीत दुखणं सांगायच्या आणि ते फक्त ओरडायचे.

वहिनीनं वेगळी वाट काढली. तिला या माणसांची नस ठाऊक होती. कोरडं चालतं, ओलं चालत नाही, हा तिथला हिशेब. म्हणजे आमच्या हातची गोळी चालेल, पुडी चालेल, पण पाणी नाही. इंजेक्शनला हरकत नव्हती, कारण सुई काही तोंडात जात नाही. अडायचं ते पोलिओच्या थेंबांपाशी. तर ही बाई थेंबांची बाटली सरळ त्या घरच्या आजीच्या हातात द्यायची. ‘आजी, तुमच्याच हातानं टाका, पोराले तुमचा हात लाभते.’ आजी खूष, पोराच्या पोटात थेंब, आणि कोणाचं काही बाटलं नाही. तिच्या गावांमधली बहुतेक पोरं लसीखाली आली. छिंदवाड्याला जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी तिला उभं करून सांगितलं की लोकांचे रीतिरिवाज सांभाळून काम कसं करायचं, हे या बहनजीकडून शिका.

ती घरी येऊन ते सांगत होती तेव्हा मी ताटावरून उठलो होतो.

‘रीतिरिवाज? वहिनी, तू त्यांचा विटाळ पाळून राहिली अन् त्यावर टाळ्या घेऊन राहिली!’

‘बसा भाऊजी, भाकर थंडी होते,’ ती म्हणाली. ‘तुमाले भांडण जिंकाचं आहे. मले पोट्टे जगवाचे आहेत.’

पोरं खरोखरच जगत होती. तरी चार दिवसांनी मी पुन्हा तोच विषय काढायचो.

तिच्या वाट्याच्या एका गावात देवकाबाई नावाची म्हातारी होती. संत्र्याचा बगीचा, घर भरलेलं, शब्द जरबेचा. मुलगा रघुनाथ, सून शकुंतला, आणि त्यांचा गुणवंत, दुडूदुडू चालायला लागलेला. गुणवंताची सगळी इंजेक्शनं वहिनीनंच दिली होती, अर्थात अंगणात, लिंबाच्या झाडाखाली.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवसांत गुणवंताला हगवण लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तिकडे पोचली तेव्हा गावातली पुरुषमंडळी गोटमार, म्हणजे दोन गावांमधली दरवर्षीची दगडफेक, बघायला पांढुर्ण्याला निघून गेली होती, रघुनाथही. पोरगं मलूल होतं, पण रडत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं. वहिनीला हायसं वाटलं. पिशवीतून तिनं मीठ-साखरेची सरकारी पुडी काढली आणि देवकाबाईच्या तळहातावर ठेवली.

प्रशिक्षणात शिकवलं होतं की पुडी स्वतः कालवून दाखवा आणि पहिला चमचा स्वतः पाजा. पण ते ओलं काम. म्हणून वहिनी इतर घरी भांडं अंगणात आणायला सांगायची, लांबूनच पाण्याचा अंदाज घ्यायची, आणि घरच्या बाईकडून आपल्यासमोर कालवून घ्यायची. देवकाबाई मात्र पुडी घेऊन तडक आत गेली. मग स्वयंपाकघराच्या दारातून शकुंतला डोकावली.

‘बाई, आत या ना. मले एक डाव दाखवून द्या.’

देवकाबाई तिच्या मागेच उभी होती. वहिनीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारी काही बोलली नाही. ना हो, ना नाही. वहिनीनं तिच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सवयीनं लावला आणि अंगणातूनच सांगितलं, ‘पाणी उकळून थंड करजा. पाच गिलास पाण्यात सगळी पुडी. घडी घडी चमच्यानं पाजत राहाजा.’ शकुंतलानं मान हलवली. वहिनी पुढच्या घरी गेली.

आता पाच गिलास पाणी, तेही हगवण लागलेल्या पोराला! तिकडे हगवणीत पाणी तोडायची चाल. पोटात पाणी गेलं की तेच खालून येतं, असं सगळ्यांचं मत. शिवाय औषध म्हणजे काढा, आणि काढा जितका दाट तितका गुणकारी, हे तर देवकाबाईनं जन्मभर पाहिलेलं. तिनं अख्खी पुडी एका कपभर पाण्यात कालवली आणि चमचा चमचा करून दिवसभर नातवाला पाजली. पोरगं पाणी मागत होतं. ते दिलं नाही, आणि तेवढं मीठ अंगातलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेत होतं. सगळं प्रेमानंच चाललं होतं, हेच तर वाईट. वहिनी त्या चुलीपाशी असती तर तो कप बघताक्षणी तिनं हात धरला असता.

दुसऱ्या दिवशी ती गेली तर पोरगं शकुंतलाच्या मांडीवर तापानं फणफणलेलं, जीभ कोरडी, अंगाला झटके. ‘किती पाण्यात केली होती?’ वहिनीनं विचारलं. शकुंतलानं कप दाखवला.

त्यावर वहिनी कोणाला काही न विचारता ओसरी चढली. चपला कुठे सुटल्या तिला कळलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिनं पितळी गुंडातलं पाणी आपल्या हातानं काढलं आणि पोराच्या ओठाला चमचा लावला. कोणी अडवलं नाही. देवकाबाईनं तर स्वतः फळीवरची वाटी काढून तिच्या हातात दिली. एक घोट गेला, दुसरा बाहेर आला. रघुनाथनं बैलबंडी जुंपली. सौंसरच्या वाटेवर, दवाखाना दिसायच्या आधीच, गुणवंत गेला. तो वहिनीच्या मांडीवर होता.

त्यानंतर वहिनी अंगणात थांबेनाशी झाली. कोणत्याही घरी गेली की सरळ चुलीपर्यंत. काही घरांनी ते मानलं, तर काहींनी दारं लावून घेतली. त्या लावलेल्या दारांमागची पोरं गोवराच्या टोच्याविना राहिली, आणि साहेबांनी बैठकीत तिला पुन्हा उभं केलं, या वेळी झापायला. मी म्हणालो, आता शिकलीस, हेच आधी करायला हवं होतं. कोणत्या पोरांसाठी काय बरोबर होतं हे तिला आता कळेनासं झालं होतं. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं, फक्त माझा आवाज मोठा होता.

दिवाळीनंतर एका दुपारी देवकाबाई आमच्या घरी आली. आमच्या वस्तीत तिचा पाय पहिल्यांदाच पडत असावा. मी शाळेतून आलो तेव्हा ती आमच्या बाजेवर बसली होती. एवढ्या दिवसांत पार सुकून गेली होती.

‘एक इचाराले आली, बाई,’ ती वहिनीला म्हणाली. ‘त्या दिवशी मी तुले नाही म्हटलं होतं का?’

‘नाही, आजी.’

‘सुनेनं बलावलं. मी काही बोलली नाही. मंग तू काहून नाही आली आत? एवढुसं पोट्टं मरून राहिलं होतं अन् तू आंगनात उभी!’

माझं डोकंच फिरलं. ‘आजी, तुमाले बोलाची गरज होती का?’ मी ओरडलो. ‘तुमचं अंगण बोलते, तुमची पायरी बोलते! जन्मभर आमाले बाहेर उभं करता अन् आता आमालेच जाब इचारून राहिल्या?’

म्हातारीनं मान खाली घातली. वहिनीनं हातानं मला बस म्हटलं. देवकाबाई डोळे पुसत उठली आणि वाटेला लागली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीला आणखी चार शब्द ऐकवावेत असं मला फार वाटत होतं.

‘तू काहून चूप राहिली?’ मी वहिनीला म्हणालो. ‘दोष तिचा आहे. तिच्या जातीचा, तिच्या गावाचा.’

‘आहेच ना,’ वहिनी म्हणाली. ‘तो तिले नेऊ द्या. माझा माझ्यापाशी आहे.’ ती बाजेवर टेकली. ‘इतकी वरसं त्या गावात फिरली, भाऊजी. कोण कोणाच्या हातचं खाते, कोण खात नाही, सगळं मले तोंडपाठ. त्याच्याच पायी मी कधी कोणाले इचारलं नाही. आजी, येऊ का आत, एवढंच त इचाराचं होतं. त्या दिवशी ती हो म्हणाली असती.’