माठातल्या दोन बाटल्या

इन्सुलिनची बाटली जोरात हलवायची नसते. दोन्ही तळहातांत धरून, थंडीत हात चोळतो तशी हळूहळू फिरवायची असते. सर ती तशी फिरवायचे, खिडकीच्या उजेडात धरून बघायचे आणि सुई भरता भरता म्हणायचे, "चला मेहनती लोकहो, लागा कामाले."

हे मेहनती लोक म्हणजे जिवाणू. माणसाच्या इन्सुलिनचा जनुक या जिवाणूंमध्ये बसवतात. कारखान्यातल्या टाक्यांमध्ये ते इन्सुलिन तयार करतात, आणि मग फक्त ते इन्सुलिन गाळून, शुद्ध करून बाटलीत भरले जाते. नव्या मुलांना हे ठाऊक नसे. डबा उघडण्याआधी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक कोणाशी बोलतात, म्हणून ती इकडेतिकडे बघत. सर शर्ट खाली ओढून घेत आणि जेवता जेवता त्यांना सगळे समजावून सांगत. मला जैवतंत्रज्ञानाचा पहिला धडा असा मिळाला, समोर वांग्याची भाजी होती.

मी अकोल्याच्या त्या कॉलेजात आधी त्यांचा विद्यार्थी होतो, नंतर त्यांच्याच प्रयोगशाळेत सहायक झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. फॉर्म कुठे भरायचा इथपासून पुस्तक कसे वाचायचे इथपर्यंत जे मला घरी कोणी सांगू शकले नाही, ते सरांनी सांगितले. असा एखादा माणूस तुमच्याही आयुष्यात आला असेल. नसेल, तर माझ्या सरांना तुमचे समजा. त्यांना ते आवडले असते.

सर जठारपेठेत राहत. शेजारीच, मध्ये एक बोळ सोडून, गुरुजींचे घर होते. गुरुजी पूजापाठ, लग्नमुंजी करत, आणि त्यांनाही साखरेचा आजार होता. दोघांचा आजार जुना, त्यामुळे दोघांनी आधीचा काळ पाहिलेला. तेव्हा इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत, डुकराच्या नाहीतर गाईगुरांच्या. जीव वाचवायला घेतलेल्या औषधाचा दोष लागत नाही, असे सरांना मौलवींनी सांगितले होते आणि गुरुजींना त्यांच्या पोथ्यांनी. तरी सुई टोचताना दोघेही डोळे मिटून घेत.

सर सांगायचे, "माही अडचण डुकराची, गुरुजीची अडचण गाईची. मौलवी अन् पोथी दोघं मिळून जे करू शकले नाई, ते या एवढ्याशा जिवाणूनं केलं. आता आमी दोघंही डोळे उघडे ठेवून टोचतो."

गुरुजी त्यावर म्हणत, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही डोळे उघडे ठेवा. मले सुईचीच भीती वाटते."

त्या वर्षांत वीज दिवसातले कित्येक तास जायची आणि अकोल्याचा उन्हाळा तुम्ही जाणताच. फ्रिज म्हणजे नुसते कपाट व्हायचे. सरांनी यावर उपाय काढला होता. मोठ्या माठात लहान माठ, मध्ये वाळू, वाळूवर पाणी, आतल्या कोरड्या माठात बाटल्या, वर झाकण आणि ओला कपडा. हा माठ दोन घरांच्या मधल्या सावलीत असायचा. आत दोन बाटल्या, एक सरांची, एक गुरुजींची. वाळूवर पाणी कोणी घालायचे यावरून रोज सकाळी कुरबूर चालायची आणि शेवटी दोघेही घालायचे.

सरांचा एक प्रश्न सगळ्या कॉलेजला पाठ होता. कोणतेही नवे तंत्र शिकवून झाले की खडू खाली ठेवून ते विचारत, "कोनासाठी? अन् कोनाले विचारून?" टिश्यूकल्चरची केळी असो की आईच्या पोटातल्या बाळाची तपासणी असो, शेवट याच प्रश्नाने. एका पठ्ठ्याने परीक्षेत 'जनुक म्हणजे काय' याच्या उत्तराखाली हाच प्रश्न लिहून ठेवला. बाकी उत्तर चूक होते. सरांनी त्याला अर्धा गुण दिला.

तेव्हा बीटी कपाशीचे, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे म्हणून जनुक बदललेल्या कपाशीचे, बियाणे गावोगाव पोचले होते. सकाळी वर्तमानपत्र उघडायला मन होत नसे, इतक्या वाईट बातम्या आमच्याच भागातून येत. या बियाण्याने सगळे ठीक होईल असे काही म्हणत, याच्यामुळेच सगळे बिघडेल असे काही म्हणत. सर यातल्या कोणत्याच बाजूला जाऊन बसत नसत. रविवारी ते गावांत जाऊन हे बियाणे म्हणजे काय ते समजावत. एका रविवारी मी त्यांना माझ्या गावी नेले.

मारुतीच्या पारावर माणसे जमली. सरांनी बियाण्याची थैली दाखवली, तिच्याबरोबर येणारी लहान पुडीही दाखवली. त्या पुडीत साधी सरकी असे. ती शेताच्या चारी कडांनी लावायची, म्हणजे बोंडअळीला साधी कपाशी खायला मिळते. लोक ती पुडी फेकून देत, नाहीतर ढोरांपुढे टाकत.

आमच्या गावची एक म्हातारी, सगळे तिला गोदामाय म्हणत, तिने विचारले, "अळीले काहून जेवू घालायचं, बाप्पा? ते काय जावई हाये?"

सर मनापासून हसले. मग म्हणाले, "माय, सगळीकडे विष असलं तं विष पचवणाऱ्या अळ्याच उरतीन. साध्या अळ्या जगल्या तं त्याइच्याशी जोडा जमते अन् पिलं विषानं मरतेत. ही पुडी तुह्या एकटीच्या वावरासाठी नाई. साऱ्या शिवारासाठी हाये."

इथवर सभा छान चालली होती. मग मागून एकाने विचारले की हे सगळे निर्धोक आहे का. आदल्याच गावात एका दुकानदाराने सरांच्या तोंडावर त्या पुडीला कचरा म्हटले होते. तो राग अजून उतरला नव्हता. सर म्हणाले, "कोनी नीट समजावून सांगत नाई तोवर जनुक बदललेली कोनतीच वस्तू उंबरठ्याच्या आत घेऊ नका."

माणसांनी माना डोलावल्या. त्यांच्यात नामदेवभाऊ होता, आमच्या घरापासून चार घरे सोडून राहणारा.

उन्हाळा लागला तशी नामदेवभाऊची सहावीतली पोरगी, रेणू, वाळत गेली. सारखे पाणी प्यायची, सारखी लघवीला जायची. अकोल्याच्या दवाखान्यात भरती केले, साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी नामदेवभाऊला इंजेक्शन द्यायला शिकवले, रोज दोन वेळा द्यायचे, चुकवायचे नाही म्हणून बजावले आणि बाटल्या देऊन घरी पाठवले. वाटेत सुया घ्यायला तो औषधाच्या दुकानात थांबला. दुकानदाराला आपले ज्ञान दाखवायची हौस. हे औषध जनुक बदलून करतात, तुमच्या बीटीसारखेच, असे त्याने कौतुकाने सांगितले.

नामदेवभाऊने बाटल्या घरात नेल्या नाहीत. उंबरठ्याबाहेर, ओसरीच्या कोनाड्यात ठेवल्या. सरांनी सांगितले होते ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या आईने गावातल्या बूथवरून कॉलेजात फोन केला. पोरगी पुन्हा पाणी पाणी करते, सकाळपासून दोनदा ओकली, आणि बाप औषध देत नाही, बाटल्या बाहेर ओसरीवरच ठेवल्यात.

मी सरांना सांगितले तेव्हा प्रात्यक्षिक चालू होते. सरांनी हातातली काचपट्टी ठेवून दिली. त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उन्हात तापलेली बाटली वापरू नका, नवीन बाटलीतून इंजेक्शन द्या आणि तिला तशीच इकडे घेऊन या, वेळ घालवू नका. आम्ही भाड्याची जीप करून जठारपेठेत आलो. गुरुजींनी माठातून आपली न उघडलेली बाटली काढून ओल्या रुमालात गुंडाळून दिली. औषध तेच होते. सर काही बोलणार, तर गुरुजी म्हणाले, "बोलणं नंतर. जीप उभी आहे."

नामदेवभाऊ ओसरीवरच बसला होता. आत रेणू बाजेवर पडलेली, ओठ सुकलेले. सर उंबरठ्याबाहेर जमिनीवर बसले.

नामदेवभाऊ म्हणाला, "सर, तुमीच तं सांगतलं होतं."

"सांगतलं," सर म्हणाले. "अर्धं सांगतलं. चूक माही हाये, तिचा दंड पोरीले नको देऊ."

त्यांनी स्वतःची बाटली काढली. तळहातांत फिरवली. त्याच्या देखत स्वतःला टोचून घेतले. मग सर त्याला सावकाश सांगू लागले. बियाणे वावरात लावले की त्याचा पराग वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या वावरात जातो, त्याने हो म्हटलेले नसते, म्हणून तिथे दहा प्रश्न विचारायचे. हे औषध बाटलीतले. बदललेला जिवाणू कारखान्यातच राहतो, बाटलीत फक्त माणसाच्या अंगात असते तेच इन्सुलिन येते. आणि ज्याच्या अंगात ते जायचे त्याला विचारता येते.

एवढे बोलून ते थांबले आणि दारातून आत बघून म्हणाले, "पोरी, तुले विचारलं का कोनी?"

रेणूने मान हलवली. नाही.

"मंग मी विचारतो. घेतं का?"

ती म्हणाली, "दुखते का?"

"दुखते. मुंगी चावते तेवढं. रोज दुखीन, खोटं नाई सांगत."

रेणूने बापाकडे बघितले. मग तिने फ्रॉकची बाही वर केली. "बाबा, द्या."

सरांनी गुरुजींची बाटली नामदेवभाऊच्या हातात दिली. तो ती भराभर फिरवू लागला. सर म्हणाले, "हळू. औषधाले घाई आवडत नाई." इंजेक्शन झाले. आम्ही तिला जीपमध्ये घातले. दवाखान्यात सलाईन लागली, आणि सकाळी तिने पोहे मागितले तेव्हा सर बाहेरच्या बाकावर भिंतीला डोके टेकून रडत होते. मी तिथून बाजूला झालो.

पुढच्या रविवारी ते पुन्हा त्याच पारावर उभे राहिले. माणसे जमायची वाट न बघता म्हणाले, मागच्या वेळी मी रागात अर्धे बोललो, त्यापायी एका पोरीचा जीव जाता जाता राहिला. मोठा माणूस इतक्या साध्या शब्दांत चूक कबूल करताना मी पहिल्यांदा पाहिला. गोदामाय म्हणाली, "मंग आता पुरं बोला, सर. पन लवकर. माही गाय दोहायची हाये."

त्या वर्षी नामदेवभाऊने पुडीतली सरकी चारी कडांनी लावली. लोक त्याला अळीची पंगत म्हणून चिडवत. नंतर काहींनी लावली, बऱ्याच जणांनी नाही लावली. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी परत आली तेव्हा गावात सरांची आठवण निघाली, पण तोवर सर नव्हते. एका हिवाळ्यात हृदयविकाराने गेले. गुरुजी कबरस्तानापर्यंत चालत आले होते.

रेणू आता बीएस्सीला आहे, आमच्याच कॉलेजात. गुरुजींच्या घरी मागच्या खोलीत राहते. मध्यंतरी बाहेरून एक पथक साखरेच्या आजाराच्या जनुकांवर संशोधन करायला आले. मुलामुलींना रांगेत उभे करून रक्त घेत होते. रेणूचा नंबर आला. तिने हात पुढे केला नाही.

"कोनासाठी?" ती म्हणाली. "अन् कोनाले विचारून?"

रांग हसली. पथकातल्या बाई आधी वैतागल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. या रक्ताचे काय होईल, माहिती कोण ठेवील, नको असेल तर नाव कसे काढून घेता येईल, हे सगळे त्यांना सांगावे लागले, आणि नीट मराठीत सांगावे लागले. सगळी रांग ऐकत उभी राहिली. दोघे जण रांगेतून बाहेर पडले, त्यांना कोणी अडवले नाही. रेणूने सगळे ऐकून घेतले आणि मग बाही वर केली.

परवा मी जठारपेठेत गेलो होतो. आता वीज फारशी जात नाही, गुरुजींकडे चांगला फ्रिज आहे. तरी दोन घरांच्या मधल्या सावलीत तो माठ तसाच होता. वाळू ओली होती. पाणी कोणी घालायचे यावरून रेणूची आणि गुरुजींची कुरबूर चालली होती. मी झाकण उचलून पाहिले. आत दोन बाटल्या होत्या.