न थांबणारं भजन

माझ्या सासूबाईंचं महिला भजनी मंडळ आहे, आणि त्यात घरच्याच सुनेला जागा नव्हती. माहेर माझं खामगावचं. लग्नात रुखवतासोबत माझी गिटारही मेहकरजवळच्या या गावात आली, तेव्हा बायकांनी विचारलं होतं, "हे कोणतं भांडं वं?" पुढे गवत कापताना विळा लागला आणि डाव्या हाताची अनामिका कायमची ताठ झाली. बोटच वाकेना, तर तारा दाबून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरणार कशी? गिटार खुंटीला गेली.

मला राग बोटाचा नव्हता. त्या दिवसापासून सासूबाई मला हाताचं कुठलंच काम सांगेनात. "राहू दे वं, तुह्या हातानं नाही होत." मायेनंच म्हणायच्या, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग मंडळातल्या पेटीवाल्या काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, आणि नेमकी तेव्हाच हिवरा आश्रमाकडच्या एका गावाहून सप्ताहाची सुपारी आली. आमच्याकडे भजनाचं निमंत्रण सुपारीनं देतात. घेतली की शब्द दिला, आणि परत केली की ते गाव पुन्हा बोलावत नाही. पेटीशिवाय सूर कोण देणार? सासूबाईंनी सुपारी परत करायचं ठरवलं. पण दोन दिवस ती त्यांच्या पदराच्या गाठीतच राहिली.

तिसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता मी म्हणाले, "आई, मी वाजवते."

"कायनं वं? त्या ताठ बोटानं?"

"हो, त्याच बोटानं."

मोबाईलवर मी पाहिलं होतं. तारा अशा लावायच्या की काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी अख्खी कॉर्ड वाजते. मी लावली ती डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे सा, ग, प आणि त्यांच्या जोडीला कोमल नी. काही तारा सैल केल्या, दुसरी तेवढी जराशी चढवली, नी तिच्यावर. मग नवऱ्याच्या नट खोलायच्या गोटी पान्यातली एक पोकळ लोखंडी गोटी ताठ बोटात घातली आणि तारांवरून सरकवत सूर वर-खाली करायला लागले. या कामाला न वाकणारं बोटच सोयीचं. नवरा मात्र दोन दिवस एकोणीस नंबरची गोटी शोधत ट्रॅक्टरवर चिडत होता.

तालमीला दुपारी ओट्यावर बायका जमल्या. सूर असा भरला की टाळवाल्या माना डोलवायला लागल्या. घोटाळा झाला तो शेवटी. भजन संपलं, ढोलकीवाल्या काकूंनी शेवटची थाप मारली, मी सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि तो नी तसाच लटकत राहिला. संपल्यासारखं कुणालाच वाटेना. काकूंनी परत ठेका धरला, बायकांनी परत ध्रुपद उचललं. पुन्हा शेवट, पुन्हा नी, पुन्हा ध्रुपद. चौथ्या फेरीला सासूबाईंनी टाळ खाली ठेवले.

"बाप्पा! हे भजन त थांबूनच नाही राह्यलं!"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मी आधी चिडले, मग मीही हसले. तो नी पुढे कुठेतरी जायला निघालेला असतो; त्याला बसवलं नाही तर तो दुसऱ्यालाही बसू देत नाही. उपाय सोपा होता. शेवटी दुसऱ्या तारेवर बोट ठेवून तिला मुकी करायची. करून दाखवलं आणि भजन गपकन थांबलं.

"जमते मंग," सासूबाई म्हणाल्या. "पण ते तार शेवटी वाजू नाही पायजे बरं. नाही त लोकाइले वाटीन, जेवाले बसवलं नाही म्हणून उठून नाही राह्यल्या."

सप्ताहात आमची वेळ दुपारची होती. मांडव भरलेला. आज चुकले तर मंडळाची लाज जाणार आणि मला जन्मभर 'राहू दे वं' ऐकावं लागणार. पहिली दोन भजनं नीट संपवली, दोन्ही वेळा तार न विसरता दाबली. तिसऱ्याला सासूबाईंचा आवाज लागला. इतका मोकळा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. डोळे मिटलेले, टाळ छातीशी. शेवट आला, मी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या तारेवर बोट ठेवलं आणि ढोलकी थांबली.

सासूबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे वळल्या आणि माईक समोर असतानाच म्हणाल्या, "ते तार काऊन दाबली वं? सोड. मले अजून म्हणाचं हाये."

सगळा मांडव हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता. विळा लागल्यापासून त्यांनी मला सांगितलेलं हे हाताचं पहिलं काम होतं. मी बोट उचललं.