एकूण चौसष्ट

वाशिम जिल्ह्यात आमच्या साडभाऊंइतकं अचूक मोजणारा माणूस दुसरा नसेल, आणि अचूकपणापायी स्वतःचं एवढं नुकसान करून घेणारा तर नाहीच. मालेगावजवळच्या एका मोठ्या शेती संशोधन केंद्रात माझ्या मेहुणीचे हे यजमान बावीस वर्षं कंत्राटावर सोयाबीनच्या शेंगा मोजत होते. झाडाला शेंगा किती, शेंगेत दाणे किती, ते वहीत लिहायचं. पण तीनदा मोजल्याशिवाय ते आकडा लिहीत नसत. एकदा वरून खाली, एकदा खालून वर आणि तिसऱ्यांदा पाच-पाचचे गट करून. केनवडला पुतणीच्या लग्नात त्यांनी उष्ट्या पत्रावळ्या मोजल्या आणि सहा जण दोनदा जेवल्याचं भर मांडवात जाहीर केलं. त्यांत नवरदेवाचे मामा होते. मी स्वतः किराण्याच्या बिलाची बेरीज दुकानातच ताडून पाहणारा माणूस, पण त्या दिवशी मीही जरा लांबच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

गेल्या वर्षी केंद्राचं अनुदान घटलं आणि कमी करायच्या माणसांची यादी फलकावर लागली. खाली लिहिलं होतं, एकूण चौसष्ट. जीपचा ड्रायव्हर किल्ली खिशात घालून घरी निघून गेला. तण निंदणाऱ्या बायांनी साहेबांच्या खिडकीखाली बसून त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. प्रयोगशाळेतला एक जण आपलं नाव नाही म्हणून इतका हरखला, की यादीतल्यांनाच पेढे वाटत सुटला. साडभाऊंचंही नाव नव्हतं. त्यांनी पेन्सिल काढून तीनदा मोजलं. नावं त्रेसष्टच भरली.

सोबतचे म्हणाले, काका, गुपचूप घरी जा. घरी मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, आणि कमावणारे हे एकटेच. तरी ते थेट ऑफिसात गेले. यादी टाइप करणाऱ्या खानबाबूंनी खुर्ची दिली, चहा मागवला, डोळ्यांनी खुणावून पाहिलं. शेवटी हळूच म्हणाले, "काका, यादीचं मी पाह्यतो. तुमी फिकर नोका करू."

"पण बाबू, त्रेसष्टाले चौसष्ट कसं म्हणाचं?"

हे इतक्या मोठ्यानं, की आतून साहेब बाहेर आले. मूळ कागद निघाला. टाइप करताना एक नाव गळलं होतं, साडभाऊंचं. संध्याकाळी नवी यादी लागली. साडभाऊंनी तीही मोजली, बरोबर भरली.

फाटकाशी खानबाबू उभे होते. नजरचुकीबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली होती. म्हणाले, "काका, एक चूक तं राहू द्याची होती."

"मले आधी सांगाचं होतं ना."

"सांगितलं असतं तं राहू देली असती?"

साडभाऊ म्हणाले, "नाही."

हे सगळं त्यांनीच मला आमच्या ओसरीवर बसून सांगितलं, आणि विचारलं, "तुमी असते तं काय केलं असतं?" मी म्हणालो, तेच केलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं, की हे खोटं आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.